पुन्हा एकदा म्हण, रेवा

"मॅम, हा रिपोर्ट तुमचाच ना?" निखिलने फोन माझ्या चष्म्यासमोर धरला.

स्क्रीनवर एक बाई रडत होती. केतकी. चारच दिवसांपूर्वी ती मुलीला घेऊन माझ्यासमोर बसली होती. आता तिच्या हातात आमच्या सेंटरचा कागद होता, आणि खाली माझी सही. सही अगदी स्पष्ट वाचता येत होती. जन्मभर वळणदार सही केल्याचा हा फायदा.

तिने माझं वाक्य मोठ्याने वाचलं. मग हुंदका. मग कॅमेरा जरा खाली वळला आणि गालिच्यावर ठोकळे रचणारी तिची तीन वर्षांची मुलगी दिसली. चेहरा झाकलेला नाही, नाव लपवलेलं नाही. वर मोठ्या अक्षरांत: 'माझ्या रेवासाठी प्रार्थना करा.'

"किती लोकांनी बघितलं हे?"

"लाखाच्या वर गेलंय. आपलं नाव पण दिसतंय, मॅम. असं रीच विकत नाही मिळत."

मी जेवत होते. डबा बंद केला. इतका राग आला.

मी स्पीच थेरपिस्ट. ज्या मुलांना बोलायला उशीर होतो किंवा बोलताना अडतं, त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून खेळायचं आणि खेळता खेळता त्यांना बोलतं करायचं, हा माझा धंदा. बेळगावहून लग्न करून बंगळूरला आले तेव्हापासून हेच करते आहे. रिटायर झाले, पण सर्जापूर रोडवरच्या या सेंटरला मराठी आणि कन्नड दोन्ही येणारं माणूस हवं होतं, म्हणून आठवड्याचे तीन दिवस जाते. गुडघे कुरकुरतात. खाली बसता येतं. उठवायला रिसेप्शनवरची मुलगी येते. "अक्का, स्वल्प निधान," म्हणते, म्हणजे जरा हळू. निखिल हा सेंटरचा मालक, मुंबईचा मुलगा. माझ्या लेकीपेक्षा लहान आहे. वाईट नाही. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीत पोस्ट दिसते.

गुरुवारी घडलं ते असं.

माझा एक नियम होता. खोलीत येणाऱ्या प्रत्येक आईबापाचा फोन मी ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावत असे. कोणी कितीही मोठा मॅनेजर असो. या नियमाचा मला फार अभिमान होता. केतकीचाही फोन घेतला. ती जरा कावरीबावरी झाली. तिचं 'रेवाची वाटी' नावाचं चॅनेल आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही.

मग मी साबणाच्या फुग्यांची बाटली काढली. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी लबाडी. दोनदा फुगे उडवायचे. मूल खूश होतं. तिसऱ्यांदा बाटलीचं झाकण घट्ट लावून गप्प बसायचं. आता मुलाला फुगे हवे असतात आणि आपण देत नसतो. अशा वेळी मूल काय करतं ते बघायचं. कोणी "दे" म्हणतं, कोणी बोट दाखवतं, कोणी आपला हात ओढून बाटलीवर ठेवतं. यातलं काहीही चालतं. काहीतरी सांगायची इच्छा आहे की नाही, एवढंच आम्हाला हवं असतं. शब्द नंतर येतात.

रेवाने यातलं काही केलं नाही. ती बाटलीकडे बघत राहिली. मग उठून ड्रॉवरपाशी गेली आणि हँडल ओढलं. परत आली. मी गप्प. पुन्हा ड्रॉवर. मग खोलीच्या मधोमध उभी राहिली, मान तिरकी केली आणि एकदम खणखणीत म्हणाली, "वॉव, सो यम्मी! मम्मा इज द बेस्ट!"

समोर खायला काही नव्हतं.

दोन पावलं मागे गेली. पुढे आली. तोच सूर, तीच मान, तेच वाक्य. असं तीन वेळा.

घरी किती शब्द बोलते म्हणून केतकीला विचारलं, तर ती म्हणाली, "वाक्यं बोलते हो मॅम, पण स्वतःहून काही मागत नाही. भूक लागली तरी सांगत नाही."

मी मान डोलावली आणि लिहिलं: पाठ केलेली वाक्यं, संदर्भाशिवाय, पुन्हापुन्हा. मागणी व्यक्त करत नाही. ड्रॉवरच्या हँडलमध्ये अडकून राहते. ऑटिझमच्या दृष्टीने डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. सही.

ऑटिझम म्हणजे काही शिवी नव्हे. तशी कितीतरी गोड मुलं माझ्या मांडीवर खेळून गेली आहेत. पण कागदावर आलेला शब्द मुलाच्या मागे शाळेपर्यंत जातो, तेव्हा तो लिहिताना पन्नास मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. हे मी ज्युनिअर मुलींना शिकवत आले आहे. त्या दिवशी मात्र मला साडेबाराची बस गाठायची होती.

तर सोमवारी निखिल फोन घेऊन उभा.

"मॅम, आपण यांना कोलॅब ऑफर करू. थेरपी फ्री. त्या प्रत्येक सेशन शूट करतील. 'रेवाचा आवाज', बारा एपिसोड. तुम्ही त्यात आज्जी. तुमची ती इरकल साडी एकदम..."

"साडीचं नाव काढू नकोस."

"मॅम, अवेअरनेस होईल."

"कशाचा? पोरगी बारा एपिसोडात बोलली नाही तर तेराव्यात काय करणार? तिला चिमटा काढणार?"

"तुम्ही फारच निगेटिव्ह घेताय."

"मी रागाने घेतेय. निगेटिव्ह तुझा शब्द आहे."

तिथल्या तिथे केतकीला फोन लावला. आमच्या खोलीत जे घडतं ते त्या मुलीचं खाजगी असतं. ती उद्या पंधरा वर्षांची होईल, तेव्हा तिच्या वर्गातला कोणीतरी टवाळ हा व्हिडिओ शोधून काढेल. हे सगळं मी बोलले, आणि आवाज चढवून बोलले.

पलीकडून केतकी म्हणाली, "मॅम, तुम्ही मलाच बोलून राहिल्या. तुमचा कागद वाचून मी दिवसभर रडले. नवरा ऑफिसच्या कॉलवर. आई नागपूरला. त्या व्हिडिओखाली दोन हजार बायांनी लिहिलं, आम्ही आहोत म्हणून. तुम्ही एकदा तरी विचारलं का मला, की केतकी, तू कशी आहेस?"

"मी तुझ्या मुलीला तपासायला बसले होते."

"मग तपासा ना. माझ्यावर काऊन ओरडता?"

आणि तिने फोन ठेवला. माझं बोलणं तोडून फोन ठेवणारी माणसं फार नाहीत. मला आणखी राग आला. त्यात थोडा राग असा होता की ती खरं बोलली होती, पण तेव्हा मी तो वेगळा करून बघितला नाही.

पुढच्या रविवारी लेकीकडे गेले. शरयू के. आर. पुरमला राहते. जेवताना मी तावातावाने सगळं सांगितलं, नाव न घेता. माझी नात सई तेरा वर्षांची आहे. तिला नावाची काय गरज? पोळीचा तुकडा तोंडात असतानाच तिने 'रेवाची वाटी' शोधून काढलं.

"आज्जी, हे बघ. रागी डोसा. हे बघ, बीटरूट उपमा. पोरगी क्यूट आहे पण."

प्रत्येक व्हिडिओत रेवा एक घास खायची, मान तिरकी करायची आणि तेच म्हणायची. वॉव, सो यम्मी. मम्मा इज द बेस्ट.

"बघ," मी म्हणाले. "पाठ केलेलं. मी लिहिलंय तेच."

सईने व्हिडिओ थांबवला. मागे नेला. "आज्जी, वाटी बघ. आता भरलेली आहे. आणि लगेच, हिने 'बेस्ट' म्हटल्यावर, अर्धी. म्हणजे मधे कट आहे. हे चार-पाच टेक घेतलेत. तिला मागे जायला सांगतात, मग पुन्हा पुढे येऊन म्हणायला सांगतात. आमच्या वर्गातल्या मुली पण असंच करतात."

दोन पावलं मागे. दोन पावलं पुढे.

माझ्या हातातली वाटी हातातच राहिली. मुलीत कसलंही लक्षण दिसलं नव्हतं मला. मला तिची ड्युटी दिसली होती.

"काय बाई ती आई!" मी म्हणाले. "लेकराला घास देते तोही शूटिंगसाठी."

शरयू सिंकपाशी उभी होती. ती वळलीच नाही. नुसती म्हणाली, "आई, आंबा."

"काय आंबा?"

"तू मला आंबा दाखवायचीस. मी 'आंबा' म्हणायचे. मग तू म्हणायचीस, थांब, टेप नीट लागली नव्हती, पुन्हा म्हण. मग, पुन्हा एकदा म्हण, कावळा ओरडला मधेच. आणि आंबा तुझ्या मागे."

सई इतकी हसली की तिला ठसका लागला.

खोटं काय बोलू? सव्वीस वर्षांची ती मी. कमरेपर्यंत वेणी, डोक्यात मास्टर्सचा प्रबंध, आणि खांद्याला विटेएवढा टेपरेकॉर्डर. विषय: मराठी-कन्नड घरातल्या बाळांचे पहिले शब्द. बाळ घरचंच होतं, म्हणून फुकट. सासूबाई म्हणायच्या, अगं तिला खाऊ दे आधी. मी त्यांना हाताने गप्प करायची, कारण त्यांचा आवाज टेपवर येत होता. त्या बाईंनी सत्तावीस कॅसेटभर तोंड मिटून नातीला सांभाळलं. प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. त्यात एक परिच्छेद असा होता की बाळाशी होणारा संवाद नैसर्गिक असावा. मी लिहिलाय तो. शहाणी!

मंगळवारी सकाळी केतकीला मेसेज केला: घरी येऊ का, ओरडणार नाही. तिने अर्ध्या तासाने लोकेशन पाठवलं. बाकी काही नाही.

चौदावा मजला. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात गोल दिवा, फोन लावायची तिपाई, आणि भिंतीला रंगीत कागद. तेवढा कोपरा अगदी टापटीप. बाकीचं घर लहान मूल असलेल्या कोणत्याही घरासारखं. केतकी दारात म्हणाली, "चहा घेता?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. रागात होती. राग रास्त होता.

मी खाली बसले आणि काहीच केलं नाही. घरी गेल्यावर पहिला अर्धा तास काही करायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. हे मला गुरुवारीही करता आलं असतं.

रेवा थोडा वेळ माझ्या पिशवीशी खेळली. मग तिचं लक्ष कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्याकडे गेलं. डबा उंचावर होता. तिने डब्याकडे बघितलं. स्वयंपाकघराकडे बघितलं. मग सोफ्यावरून आईचा फोन उचलला, दोन्ही हातांत धरून आत गेली आणि आईच्या हातात दिला.

"बघा," केतकी वैतागून बाहेर आली. "दिवसभर हेच. सारखी फोन आणून देते. स्क्रीनचं ॲडिक्शन झालंय तिला. हेही लिहा तुमच्या रिपोर्टमध्ये."

पण रेवा स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती. आणि कपाटाजवळ जाऊन उभी राहिली होती.

मी पिशवी बाजूला सारली.

"केतकी, एक काम कर. फोन हातात धर, उघडू नकोस. तिच्यासमोर खाली बस, आणि शूट करताना बघतेस तशी तिच्याकडे बघ."

"म्हणजे?"

"बस ना बाई. मी तरी किती वेळा सांगू?"

केतकी बसली. बंद फोन समोर धरून मुलीकडे बघायला लागली. भुवया वर, चेहऱ्यावर हसू, सगळं लक्ष तिच्यावर. रेवाचा चेहरा असा उजळला की मलाच कसंतरी झालं. मग तिने हात वर केला आणि डब्याकडे बोट दाखवलं.

"ही बोट कधी दाखवत नाही," केतकी पुटपुटली.

"तू कधी बघत नाहीस. म्हणजे, फोन हातात नसताना."

हे मी जितकं हळू बोलायला हवं होतं तितकं हळू बोलले नाही. तिचे डोळे भरले. पण ती रडली नाही, भांडली, आणि ते मला आवडलं.

"तुम्हाला काय माहीत? माझी नोकरी गेली तेव्हा ही आठ महिन्यांची. चौदा मजले खाली कोणी ओळखीचं नाही. दिवसभर मी आणि ही. मी व्हिडिओ नसते काढले ना, तर वेडी झाले असते. आणि खरं सांगू? व्हिडिओ काढते तेव्हाच मी तिच्याकडे नीट बघते. बाकी वेळ कमेंट्सना उत्तरं द्यायची, एडिट करायचं, पुढचा मेन्यू... पण त्या वेळी फक्त तिच्याकडे बघते मी."

"तेच तर तिला कळलंय," मी म्हणाले.

फोन हातात आला की आई भेटते. तीन वर्षांच्या मुलीने काढलेला हा निष्कर्ष, आणि अगदी बरोबर. बिस्किट हवं असेल तर आधी आई हवी, आणि आई हवी असेल तर फोन आणून द्यावा लागतो. तो फोन म्हणजे तिचा 'ऐक ना' होता. तिच्याजवळ मागायचा तेवढा एकच शब्द होता, आणि गुरुवारी मी तो काढून घेऊन कुलपात ठेवला होता. ती माझ्या डोळ्यांदेखत हँडल ओढत होती, आणि मी लिहीत होते: मागणी व्यक्त करत नाही.

तो आठवडाभराचा सगळा राग फिरून माझ्याकडे आला, आणि चांगला वजनदार होता.

"केतकी, माझा रिपोर्ट चुकला. तिला बोलायला मदत लागेल, आठवड्यातून दोनदा आणावं लागेल. पण मी जे लिहिलं ते घाईने लिहिलं. ते मी बदलून देते."

"आणि मी जी चार दिवस रडले ते?"

"त्याची माफी मागते. लाखभर लोकांसमोर रडलीस त्याची नाही मागणार."

तिने माझ्यासमोरच्या कपाकडे बघितलं. मग म्हणाली, "चहा थंड झाला तुमचा, काकू." मॅमची काकू झाले तेव्हा कळलं की निदान दार बंद झालेलं नाही.

मग आम्ही हुज्जत घातली. मी म्हटलं, चॅनेल बंद कर. ती म्हणाली, तुम्ही प्रबंध बंद केला होता का? (हे मीच तिला सांगून बसले होते.) एका खाऊच्या कंपनीला तिने शब्द दिला होता. शेवटी असं ठरलं: रेवाचा चेहरा नाही, रेवाचा आवाज नाही. वाटी दिसेल, केतकीचे हात दिसतील. शूटिंग रेवा झोपलेली असताना. आणि जागेपणी, रोज तासभर, हातात काही न धरता खाली बसायचं आणि 'म्हण' हा शब्द काढायचा नाही. रडका व्हिडिओ तिने त्याच दुपारी काढून टाकला. पण तोवर तिघा-चौघांनी तो उचलून त्यावर आपापली मतं देणारे व्हिडिओ केले होते. ते अजून आहेत. मी तक्रारी केल्या. आपोआप येणारी गोड उत्तरं आली. त्याचा राग मला आजही येतो, आणि तो जाऊ द्यायचा माझा विचार नाही.

नवा रिपोर्ट टाइप करून निखिलच्या टेबलावर ठेवला. त्याने वाचला आणि त्याचे डोळे चमकले.

"मॅम, ही तर आणखी भारी स्टोरी आहे. चाळीस वर्षांचा एक्स्पिरियन्स, आणि आज्जी स्वतः कबूल करते, की मी चुकले! लोक रडतील."

"निखिल, माझ्याकडे मराठी-कन्नड मुलांची वेटिंग लिस्ट आहे ना?"

"हो. अठरा मुलं."

"त्यांना उद्यापासून तू फुगे उडवून दाखव. मी घरी बसते."

त्याने कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "सरी, मॅम." म्हणजे ठीक आहे. बंगळूरला आल्यापासून त्याला येणारा हा एकमेव कन्नड शब्द. बरोबर जागी वापरला.

रेवा दोन महिने आली. पहिले दोन आठवडे ती दारातून आत येताच मान तिरकी करून यम्मी म्हणायची. मी काहीच बोलायची नाही, टाळ्याही वाजवायची नाही. बिचारी पाहुण्यासारखी उभी राहायची, सादर झालं, आता काय? तिसऱ्या आठवड्यात तिने ते म्हणणं सोडलं आणि बाटलीवर माझा हात ओढून ठेवला. पाचव्यात "दे" म्हणाली. हळू, घोगऱ्या आवाजात. कॅमेऱ्यासमोरच्या त्या खणखणीत आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं. तो तिचा खरा आवाज होता आणि मी तो पहिल्यांदा ऐकत होते.

सातव्या आठवड्यात खेळ संपला, केतकीने तिला कडेवर घ्यायला हात पुढे केले, तशी रेवा मागे सरकली, पाय आपटला आणि ओरडली, "नको! मम्मा, नको! अजून!"

तीन शब्द. स्वतःचे. आईच्या तोंडावर, रागाने.

केतकीचा हात सवयीने खिशाकडे गेला. तिथे थांबला. "काकू, रेकॉर्ड नाही झालं हो," ती हसत-रडत म्हणाली. "पुन्हा म्हणेल का?"

"म्हणेल की. दिवसातून चाळीस वेळा म्हणेल. पण तू सांगशील तेव्हा एकदाही म्हणणार नाही."

या सगळ्यातून मी शिकले ते इतकंच: मूल काही मागत नाही असं लिहिण्याआधी, ते कोणाकडे मागतं आणि कशाने मागतं हे बघायला बस चुकवावी लागते. बस दर वीस मिनिटांनी असते.

मागच्या आठवड्यात केतकीचा फोन आला. कंटाळलेली होती. म्हणाली, "काकू, हिला झालंय काय? आंघोळ नको, दूध नको, हा फ्रॉक नको, तो फ्रॉक नको. सकाळपासून नुसतं भांडून राहिली."

मी तिला थांबायला सांगितलं, रेवाची फाइल काढली आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: मुलगी हट्टी झाली आहे. प्रगती उत्तम.